बालहक्कांमुळे घर मोडते, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

अमळनेर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने मागच्या आठवड्यात मला व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक लांबलचक संदेश पाठवला आणि तेवढ्यावरून, आठवीतल्या लेकीला गावच्या बालसभेला, म्हणजे मुलांनी आपले प्रश्न मांडायच्या सभेला, जाऊ द्यायचे नाही, असे ठरवूनही टाकले. संदेशाचे म्हणणे असे : बालहक्क हे परदेशी खूळ आहे, १०९८ या बालमदत क्रमांकावर मुलाने फोन केला की पोलीस मूल उचलून नेतात आणि आईबापांना तुरुंगात टाकतात, ज्यांना मत नाही त्यांनी गावकारभारात बोलू नये, आणि बालसभा ही पुढाऱ्यांनी मुलांना वापरून घेण्याची सोय आहे.

सर्वांत घातक मुद्दा फोनचा, म्हणून आधी तोच. बाल न्याय अधिनियम, २०१५ याचे कलम ३ कोणालाही वाचता येते. मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय, ही दोन्ही तत्त्वे त्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. संकटातल्या मुलाला ताब्यात घ्यावेच लागले, तर २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते आणि चौकशी करून निर्णय ती समिती देते. मुलाला अमानुष मारहाण करणाऱ्या पालकाला कलम ७५ नुसार शिक्षा होऊ शकते, एवढे खरे. ती व्हायलाच हवी. पण अभ्यासावरून रागावलेल्या आईला तुरुंगाचा धाक दाखवणे म्हणजे निव्वळ भीती पेरणे आहे. या भीतीची किंमत मोजते ती दहावीच्या आधीच जिची सुपारी फुटली ती मुलगी. गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते. पाठ असतात ते चार आकडे, आणि हा संदेश तेही तिच्याकडून काढून घेतो, याचा मला मनस्वी संताप येतो.

‘परदेशी’ म्हणणाऱ्यांनी मुलांना मोकळेपणाने आणि सन्मानाने वाढण्याची संधी मिळावी असे सांगणारा आपल्याच संविधानाचा अनुच्छेद ३९ (च) पाहावा, आणि नंदुरबारला जाऊन शिरीषकुमार मेहता यांच्या स्मारकापुढे उभे राहावे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी स्वातंत्र्यलढ्यातल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात ते हुतात्मा झाले, तेव्हा त्यांचे वय १५ होते.

मत नसल्याचा मुद्दा फार वेळ देण्याजोगा नाही. मतदान वेगळे आणि म्हणणे मांडणे वेगळे. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम १२ हेच सांगते की, मुलाशी संबंधित बाबींत त्याचे म्हणणे वय आणि समज पाहून विचारात घ्यावे. बालसभेतल्या मागण्या ग्रामसभेपुढे जातात; ठराव मोठी माणसेच करतात.

शेवटच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मुलांच्या हाती फलक देऊन त्यांना उन्हात उभे करणारे पुढारी मीही पाहिले आहेत, आणि प्रचारात मुलांचा वापर करू नका, असे निवडणूक आयोगाला फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांना बजावावे लागले. मात्र फलकावरचा मजकूर दुसऱ्याचा असतो. भाचीने बालसभेसाठी वहीच्या मागच्या पानावर स्वतः तीन ओळी लिहिल्या आहेत : मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, तिथल्या नळाला पाणी नाही, एसटी थांब्याजवळचा दिवा बंद आहे. पहिल्या ओळीखाली तिने दोनदा रेघ ओढली आहे, कारण रोज मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीला दार धरून बाहेर उभे राहावे लागते, आणि हे सांगायला ग्रामसभेत मत असलेले कोणीही आजवर उठलेले नाही.