परीक्षेच्या तोंडावर गोळी सुरू करायची का?
"परीक्षा होऊन जाऊ दे, मग गोळ्यांचं बघू" हा नैराश्याच्या गोळ्यांवरच्या एका लेखातला सरसकट सल्ला मला पटला नाही. माझी धाकटी बहीण पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करते. सकाळी अभ्यासिकेत जाऊन बसायची, पण तासन् तास तेच पान उघडं, मेसचा डबा तसाच परत. पेपरआधीची धाकधूक वेगळी आणि 2-2 आठवडे कशातच मन न लागणं, झोप उडणं वेगळं. सायकियाट्रिस्टनी आधी थायरॉइड तपासून घेतलं, मगच औषधाचं बोलले. एसएसआरआय म्हणजे नैराश्यावर सहसा दिल्या जाणाऱ्या गोळ्या, त्यांचा गुण यायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात, मळमळ आणि झोपेचा घोळ मात्र लगेच सुरू होऊ शकतो. म्हणजे 8 दिवसांवरच्या पेपरसाठी म्हणून घेऊन उपयोग नाही. पण परीक्षेला 4-5 महिने असताना कुढत का बसायचं?
पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका. रूममेटच्या उरलेल्या स्ट्रिपमधली तर अजिबात घेऊ नका! डॉक्टरांकडे जायचा धीर होत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.