‘ऑल्टरनेट डे’ म्हणजे ‘वाटलं तर घ्या’ नव्हे

‘रोज चुकणारे दहा इंग्रजी शब्द’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यात ठोकून दिलंय: ‘ऑल्टरनेट आणि ऑल्टरनेटिव्ह एकच, अर्थ पर्यायी.’ खाली ‘मुलांना जरूर वाचून दाखवा’. मुलांचं राहू द्या, माझ्या आईने वाचला. तिच्या लोहाच्या गोळीपुढे चिठ्ठीवर ‘ऑल्ट. डे’ लिहिलेलं. गोळी पर्यायी, म्हणजे खजूर खाल्ला की गोळीला सुट्टी! तीन आठवड्यांनी डबा उघडला तर पट्टीतल्या दोनच गोळ्या गेलेल्या.

चिठ्ठीवर त्या शब्दाचा अर्थ एकच, एक दिवसाआड. नळाला दिवसाआड पाणी येतं त्याला आपण ‘पर्यायी पाणी’ म्हणतो का? जास्वंदीला एका पेऱ्यावर एकच पान, पुढचं पुढच्या पेऱ्यावर वेगळ्या बाजूला. शाळेत त्याला एकांतर म्हणायचो, इंग्रजीत तिथेही ऑल्टरनेटच. आणि मधला दिवस डॉक्टर उगाच सोडत नाहीत. लोहाची गोळी घेतली की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं, साधारण दिवसभर चढंच राहतं आणि दुसऱ्या दिवशीचं लोह नीट शोषू देत नाही. लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवरचा अभ्यास २०१७ साली ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आला. त्यात रोजच्यापेक्षा दिवसाआडच्या गोळ्यांतलं लोह जास्त शोषलं गेलं. खाडा मोजूनमापून ठेवलेला असतो, मर्जीवर नाही.

बरं, एक कबूल करते, नाइलाजाने. अमेरिकेत ‘ऑल्टरनेट’ पर्यायी या अर्थाने सर्रास चालतो. ऑक्सफर्डचा कोशही तो अर्थ देतो, पण मुख्यतः उत्तर अमेरिकेतला म्हणून. विमानाला ठरल्या जागी उतरता आलं नाही तर ज्या विमानतळावर न्यायचं तो जगभर ‘ऑल्टरनेट’च. पण उलटं चालत नाही. दिवसाआडला ‘ऑल्टरनेटिव्ह डे’ कुणी म्हणत नाही. मग एकच कसे?

‘ऑल्टरनेटिव्ह दोनच असू शकतात, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दोघांतला दुसरा’ हा मेसेजमधला पुढचा शोध. लॅटिनच धरायचं तर डिसेंबर दहावा महिना होईल, कारण लॅटिनमध्ये ‘डेसेम’ म्हणजे दहा. पुढे चला.

बँकांच्या सुट्टीला ‘ऑल्टरनेट सॅटरडे’ म्हणू नका, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर दिलंय. सप्टेंबर २०१५ पासून सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी असते. महिन्यात पाच शनिवार आले की पाचवा आणि पुढच्या महिन्यातला पहिला, सलग दोन कामाचे. एकाआड एक तिथेच मोडतं.

आईनेही आधी विषम तारखा धरल्या होत्या. ३१ नंतर १ येते हे तिच्याच ध्यानात आलं. आता कॅलेंडरवर लाल पेनाने फुल्या आहेत, आणि मेसेज पाठवणाऱ्या मामांनी मला अंगठा पाठवलाय.