पिशवी, काउंटर आणि कात्री : एका मेडिकलवाल्या वाचकाला उत्तर

मागचा लेख घरातल्या औषधांच्या पाहणीवर होता. खेड्यात घरोघर जाऊन, घरात असेल नसेल ते सगळं औषध समोर मांडून त्याची नोंद कशी करायची, यावर. त्याखाली परभणी जिल्ह्यातल्या एका मेडिकलवाल्या वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. ती मी न कापता इथं देतो:

"लोकांच्या पिशव्या उपसून काय कळतं? माझ्या काउंटरवर एक दिवस उभे राहा, सगळं कळेल. आशाताईला सोबत नेता, तिच्यासमोर कोण खरं बोलणार? दिवाळीनंतर गेलात तर निम्मं गाव ऊसतोडीला असतं. ओआरएसचं पण अर्धवट लिहिलंय, छोटी पुडी येते हे माहीत नाही का? एसीत बसून फॉर्म बनवणाऱ्यांनी गावचं आरोग्य सांगू नये."

आधी 'उपसणे'. साहेब, उपसतात तो विहिरीतला गाळ. पाहणीत पहिला नियमच हा की आपण पिशवीला हात लावायचा नाही. घरातली बाई स्वतः पिशवी आणते, स्वतः रिकामी करते, एखादी वस्तू दाखवायची नसेल तर ठेवून देते. ती का ठेवली हे आपण विचारत नाही. संमतीचा कागद आधी मोठ्याने वाचला जातो, तोही मराठीतून, आणि 'नाही' म्हटलं की पुढचं घर. हे सगळं मागच्या लेखात दुसऱ्याच परिच्छेदात होतं. टीका करायला हरकत नाही, पण वाचून करा.

एसीचं म्हणाल, तर परभणीच्या मे महिन्यात एसी कुणाला नको असतो ते मला दाखवा. माझं आजोळ जिंतूरचं, आणि फॉर्म हातात घेऊन फिरायला मला बावीस वर्षं झाली. तेव्हा गाव कसं असतं ते निदान मला शिकवू नका.

ओआरएसचा मुद्दा मात्र मान्य. चूक माझी. 'एक पुडी एक लिटर पाण्यात' एवढंच मी लिहिलं होतं. ते साडेवीस ग्रॅमच्या मोठ्या पुडीला लागू आहे: मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. दुकानात सव्वाचार ग्रॅमच्या आसपासची छोटी पुडीही मिळते, ती २०० मिलिसाठी, म्हणजे एका ग्लासाची. अदलाबदल झाली की दोन्हीकडून घोटाळा. मोठी पुडी ग्लासात कालवली तर लिटरमागे ७५ मिलिमोल हवं ते सोडियम ३७५ होतं. असं पाणी आतड्यात उलट पाणी ओढतं, जुलाब वाढतात, लेकरू तहानेनं कासावीस होतं आणि आई म्हणते, 'पुडी बाधली.' छोटी पुडी लिटरात घातली तर ते नुसतं साधं पाणी. आणि मोठी पुडी अर्धी आज, अर्धी उद्या वापरणारी घरंही आहेत. उघडी पुडी दमट होते, शिवाय आतली पूड सारखी मिसळलेली असेलच असं नाही, त्यामुळे अर्ध्या पुडीत मीठ किती आलं हे कुणालाच सांगता येत नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं मुख्य वाक्य: "काउंटरवर एक दिवस उभे राहा, सगळं कळेल."

कोणता दिवस? बाजाराच्या दिवशी तुमच्याकडे खेड्यातलं गिऱ्हाईक येतं, इतर दिवशी बहुतेक गावातलंच. बाजारच्या दिवशी उभा राहिलो तर पाच-पाच गोळ्या मागणारे जास्त दिसतील, दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवाले जास्त. एका दिवसात 'सगळं' कळत नाही, त्या दिवसापुरतं कळतं. दुसरं म्हणजे कुणी वही घेऊन शेजारी उभं राहिलं की काउंटरमागचा माणूस दोन तास तरी शहाण्यासारखा वागतो. तुम्हीही वागाल, मीही वागेन.

काउंटरवर उभं राहण्याचीही रीत आहे, ती आम्हाला माहीत नाही असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये औषधवापराची मोजमापं ठरवून दिली. किमान वीस आरोग्यकेंद्रं, प्रत्येकी तीस रुग्ण, म्हणजे सहाशे चिठ्ठ्या. दर चिठ्ठीत सरासरी औषधं किती, किती टक्क्यांत अँटिबायोटिक, किती टक्क्यांत इंजेक्शन, कंपनीच्या नावाऐवजी मूळ (जनेरिक) नावाने लिहिलेली किती, आवश्यक औषधांच्या यादीतली किती. वाटपाच्या खिडकीशी घड्याळ लावून सेकंद मोजायचे, आणि बाहेर पडणाऱ्याला विचारायचं, 'ही गोळी कितीदा घ्यायची सांगितली?' पद्धत चांगली आहे, मी वापरली आहे. पण ती खिडकीशी संपते.

खेड्यातलं बरंच औषध तुमच्या खिडकीशी येतच नाही, मग तुमच्या काउंटरवर ते दिसणार कसं? डॉक्टर स्वतःच्या कपाटातून कागदी पुडी बांधून देतो: दोन पांढऱ्या, एक पिवळी, एक बारीक. नाव नाही, तारीख नाही. ती पुडी घरात देवळीत जाते, आणि पुढच्या वेळी अंग दुखलं की तीच निघते. म्हणून विचारायची सुरुवात 'औषध कोणतं घेता' अशी करायची नाही. 'औषधं कुठं कुठं ठेवता' असं विचारायचं. उत्तरात पिशवी येते, मग देवळी, फडताळ, ट्रंक, देव्हाऱ्यामागची फळी. सगळ्यात शेवटी कुणाला तरी गोठा आठवतो. जनावरांचं औषध आणि फवारणीची बाटली त्याच फळीवर असेल तर तेही लिहायचं, कारण बाटल्यांची अदलाबदल तिथंच होते.

जमिनीवर एक साधं कापड अंथरायचं. प्रत्येक वस्तूला एक ओळ: नाव, ताकद, स्वरूप, उरलेली संख्या, मुदत, कुठून आणलं, कुणासाठी, कशासाठी, आता घेतंय कोण. 'कुणासाठी' आणि 'आता घेतंय कोण' हे दोन रकाने वेगळे ठेवा. एकत्र केले की सासऱ्याची गोळी सून घेते हे निसटतं. रिकामी पाकिटंसुद्धा मोजायची, ती पण साक्ष आहेत. आजारपणाचे प्रश्न मात्र गेल्या पंधरा दिवसांपुरतेच. महिनाभराचं विचारलं की मोठं दुखणं तेवढं लक्षात राहतं, सर्दी-खोकला विसरला जातो.

उरलेली संख्या हे या पद्धतीचं खरं सोनं. ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्यांच्या पाकिटात एक उरलेली असेल तर ताप दुसऱ्या दिवशी उतरला एवढं कळतं. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरच्या लेकराला झिंक रोज २० मिलिग्रॅम असं चौदा दिवस द्यायचं असतं. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या पाकिटातच राहतात. बाटलीतलं पावडरचं अमॉक्सिसिलिन घ्या. आधी थोडं उकळून गार केलेलं पाणी घालून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं. फेसालाच पाण्याची पातळी समजून थांबलं की पाणी कमी पडतं आणि औषध घट्ट होतं. साध्या खोलीत ते सात दिवस टिकतं, पण गेल्या महिन्यातली अर्धी बाटली 'परत खोकला आला तर' म्हणून जपून ठेवलेली असते. शेवटी चमचा: घरातला चमचा मागायचा, त्यात पाणी भरायचं आणि सिरिंजने मोजायचं. पाच मिलिच्या जागी तीन निघतं, कधी सातही. यातलं काय दिसतं तुमच्या काउंटरवरून? तुमच्याकडे ते विकलं गेलं, हिशेब संपला.

बारीक गोळीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण चूक झाली तर जिवावर बेतते. कागदी पुडीतली ती बारीक गोळी बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड असते. नाव नसल्यामुळे नोंद 'अनोळखी' अशीच करायची, अंदाजाने नाव लिहायचं नाही. सोबत विचारायचं: किती महिने चालू आहे, घेतल्यावर भूक वाढते का, तोंड सुजल्यासारखं झालंय का, बंद केली की सांधे पुन्हा धरतात का. आणि नव्या पोरांना मी दहादा बजावतो: 'ही गोळी टाकून द्या' असं कुणालाही म्हणायचं नाही. कित्येक महिने स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाने ती एकदम सोडली तर रक्तदाब कोसळू शकतो. उरलेल्या गोळ्या सोबत देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, डोस हळूहळू कमी करणं हे डॉक्टरचं काम. पाहणी करणाऱ्याने घरात बसून डॉक्टरकी केली की माणूस दुखावतो आणि माहितीही बिघडते.

पिशवीत काय सापडत नाही, तेही सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या प्रतिक्रियेत तुम्ही तेच काढाल. सुई आणि सलाईन सापडत नाही. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजवाली बाटली असेल तर त्यात पंचवीस ग्रॅम साखर. 'ताकद यावी' म्हणून ती लावून घेतात, आणि घरी परतताना फक्त हातावरची पट्टी उरते. त्यासाठी वेगळा प्रश्न ठेवावा लागतो, 'पंधरा दिवसांत सुई किंवा बाटली लावली का', आणि बाटली लावणं ही अभिमानाने सांगायची गोष्ट असल्यामुळे उत्तर सहसा सरळ येतं.

आशाताईचा मुद्दा. ती पुढं असल्याशिवाय परक्या माणसाला दार उघडत नाही. एवढं पुरे. ऊसतोडीचा मुद्दा मला नवा नाही, पण तो स्वतंत्र विषय आहे, कधीतरी लिहीन.

जाता जाता काउंटरबद्दल माझाही एक प्रश्न, विषय तुम्हीच काढलात म्हणून. शेड्यूल एच-वन, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची सरकारी यादी, १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिकं विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. 'सगळं कळेल' असं जे काउंटर, तिथलं ते रजिस्टर दाखवाल का? तुमचं कोरं आहे असं मी म्हणत नाही, तुम्हाला मी ओळखतही नाही. पण मी फॉर्मवाला म्हणून गावाबद्दल बोलायचं नाही, आणि कायद्याने जो फॉर्म तुमच्या गल्ल्याशेजारी ठेवलाय त्याबद्दलही विचारायचं नाही, हे कसं चालेल?

रागाने लिहिलंय, ठीक आहे. तुमच्याकडे एक काम मात्र आहे, आणि ते फक्त तुम्हीच करू शकता. पाकिटावर मुदत बहुधा एकाच टोकाला छापलेली असते. पाच गोळ्या द्यायच्या तर कात्री बिनछाप्या बाजूने लावतात, छापील तुकडा दुकानात राहतो, आणि घरी गेलेल्या चांदीच्या तुकड्यावर ना धड नाव, ना तारीख. आमच्या तक्त्यात मुदतीच्या रकान्यात 'वाचता येत नाही' असं लिहावं लागतं ते बरंचसं या कात्रीमुळे. पहिल्या गिऱ्हाइकाला छापील टोक द्या आणि उरलेल्या गोळ्यांच्या तुकड्यावर पेनाने नाव-तारीख लिहून ठेवा. नाहीतर छोट्या कागदी पाकिटात घालून वर लिहून द्या. आठवडाभर करून बघा, आणि गर्दीच्या वेळी जमतं की नाही ते खरंखरं सांगा. जमत नसेल तर तेही मला हवंय.

तक्त्यात 'ओआरएस : पुडी मोठी की छोटी' हा नवा रकाना घातला आहे. तो तुमच्यामुळे आला. खाली तुमचं नाव द्यायचं की नुसतं 'एक मेडिकलवाले' असं लिहायचं, ते कळवा.