ती गेली पाहिजे, बाकीचं अलंकार बघून घेतील

प्रेमकविता लिहायचं मनावर घेतलंय ना, मग पहिलं काम म्हणजे तिला घालवा. कुठं ते महत्त्वाचं नाही, फक्त गेली पाहिजे. ती घरात असेल, भाकऱ्या थापत असेल नाहीतर बँकेत कॅशला बसत असेल आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर गणपती मंदिराच्या बाहेर भडंग खात उभी असेल तर तुमची कविता तिथंच संपली, सुखी संसारावर आजवर कुणाला टाळी मिळालीय सांगा की. आता आपल्याकडची पोरगी जाते म्हणजे कुठं जाते, तर पुण्याला. हिंजवडीत जॉब लागतो, सांगली स्टँडवरनं स्वारगेटच्या गाडीत बसते, आई डब्यात चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी भरून देते, बाप खिडकीपाशी उभा राहून उगाच टायर बघतो. ह्यातलं काय काय कवितेत आणायचं नाही बरं का. चटणीचा वास आला की विरह पळतो. कवितेत ती क्षितिजापल्याड जाते. क्षितिजाला स्टॉप नाही, रिझर्वेशन नाही आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे तिथनं 'पोचले' म्हणून मेसेज येत नाही.

तिला नाव द्यायचं नाही. काम नाही, शिक्षण नाही, दातदुखी नाही. डोळे, केस आणि पैंजण एवढं मटेरियल असलं की झाली ती तयार. (ताई, तुम्ही लिहिणार असाल तर 'तो' घाला, बाकी सगळं तेच, फक्त पैंजणाच्या जागी बुलेट.) मर्ढेकरांचं ऐकू नका. त्यांचं मूळ गाव मर्ढे आपल्या सातारा जिल्ह्यातलंच, पण त्यांनी प्रेमाच्या कवितेत काय केलं, तर कालपरवापर्यंत पोरसवदा असलेली बायको आता आई होणार म्हणून तिलाच उद्याची माउली म्हटलं आणि तिच्या पायाचं तीर्थ मागितलं. म्हणजे बाई चक्क घरात आहे, पोटुशी आहे आणि कविता तरीपण उभी राहतीय. असली उदाहरणं नवीन कवीला बिघडवतात.

ती निघाली की लगेच पाऊस सुरू करा. हवामान खात्याकडं बघत बसू नका. सातारा जिल्ह्यात एका टोकाला महाबळेश्वर, तिथं वर्षाला ५ ते ६ हजार मिलिमीटर कोसळतो, आणि दुसऱ्या टोकाला म्हसवड-दहिवडी, जिथं ५०० झाला तरी माणसं खूश, पण कवितेत दोन्हीकडं सारखाच रिमझिम पडतो, समान पाणीवाटपाचा जो प्रश्न भल्याभल्यांना सुटला नाही तो कवींनी कधीच सोडवून टाकलाय. दुष्काळी जत-आटपाडीच्या कवीनं तर पाऊस पाडलाच पाहिजे. त्याच्या गावात म्हैसाळ नाहीतर टेंभू योजनेचं पाणी कधी सुटणार ह्याची सगळे वाट बघतात, आवर्तन सुटलं की फोनाफोनी होते, माणसं रात्रभर कॅनॉलच्या कडेला बॅटरी घेऊन बसतात, आता वाट बघणं म्हणजे काय हे ह्या माणसापेक्षा जास्त कुणाला कळणार, पण कविता लिहायला बसला की तो बिचारा सगळ्यात आधी ढग मागवतो.

इंदिरा संतांनी पण पाऊस घेतला होता, 'नको नको रे पावसा'मध्ये. पण तो पाऊस कौलातनं गळतो आणि बाई त्याला विचारतीय की गळतीखाली लावायला एवढी तांबे-सतेली-पातेली मी आणू कुठनं. विरहाच्या कवितेत भांडी, काय सांगायचं! आधी पावसाला रागावते, मग त्यालाच कामाला लावते, जा, वाटेवरनं माझ्या माणसाला माघारी वळवून नीट सांभाळून आण, मग घाल काय घालायचा तो धिंगाणा. माणूस नसलेल्याला माणसासारखं वागवायचं ह्याला चेतनगुणोक्ती म्हणतात. तुम्हाला ते त्या पद्धतीनं जमायचं नाही कारण त्यासाठी घर गळावं लागतं आणि कुणाचीतरी खरंच वाट बघावी लागते. तुम्ही आपलं 'पाऊसही रडला' एवढं लिहा. अलंकार तोच, परीक्षेत मार्क पण तेवढेच.

पावसानंतर चंद्र. दहावीच्या व्याकरणात शिकवलंय, उपमेय, उपमान, दोघांतलं साधर्म्य आणि 'सारखा, समान' असला एखादा शब्द, हे चार पार्ट जोडले की उपमा चालू होते. साधर्म्यावर फार डोकं लावू नका, चेहरा आणि चंद्र ह्यांच्यात सारखं काय असं कुणी विचारलंच तर दोन्ही गोल. एकदा चंद्र हाताला लागला की तो सोडायचा नाही, कारण एका चंद्रात अख्खा संग्रह निघतो. चेहरा चंद्रासारखा म्हटलं की उपमा. चेहरा जणू चंद्रच म्हटलं की उत्प्रेक्षा. मुखचंद्र म्हटलं, रूपक. हा चेहरा नाहीच ओ, चंद्र आहे, अपन्हुती. चंद्राला डाग आहेत, हिला कुठं आहेत, व्यतिरेक. आणि दुपारचं जेवण जरा जास्त झालं असेल, काहीच सुचत नसेल तर तुझ्यासारखी तूच, अनन्वय. चंद्र तिथंच, चेहरा तिथंच, कविता मात्र वाढत चालल्यात.

इकडं तिकडं बघायची सवय लावून घेऊ नका. सांगलीत हळदीचा एवढा मोठा बाजार, राजापुरी हळदीचे सौदे होतात, मार्केट यार्डातल्या हमालाचे हात रोज पिवळे होतात आणि लग्न काही ठरत नाही. ही ओळ कधीची पेठेत पडून आहे, कुणी उचलत नाही. तुम्हीपण उचलू नका, पोत्याला वजन असतंय.

त्या अपन्हुतीपासून तेवढं जरा जपून. 'हे नाही, ते आहे' असं म्हणायचं असतं त्यात, आणि राम गणेश गडकऱ्यांनी 'राजहंस माझा निजला'मध्ये एका आईच्या तोंडी नेमकं तेच घातलंय, बाळ गेलेलं नाही, झोपलंय. आजूबाजूची माणसं सांगतायत आणि ती मानायला तयार नाही. तिथं हा कोणता अलंकार म्हणून कुणी विचारत नाही, घसा दाटतो. आता कविसंमेलनात असलं काही झालं तर केवढी पंचाईत, टाळी पडत नाही, माणसं गप्प बसतात आणि सूत्रसंचालकाला वाटतं माईक गेला.

आता मुख्य विषय, दुःखाला पूर आणणे. अतिशयोक्तीशिवाय विरह उभाच राहत नाही हे मान्य, पण सांगलीत वाचणार असाल तर आधीच सांगून ठेवतो. इथं तुम्ही 'आसवांचा महापूर' म्हटलं की मागच्या रांगेतनं कोणतरी 'किती फूट?' असं विचारतं, आणि ते चेष्टेनं नसतं, सवयीनं असतं. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर गेली होती, त्याआधी २००५, नंतर परत २०२१, हे आकडे इथं शेंबड्या पोराला पाठ आहेत. समोर बसलेल्यांनी कपाटं माळ्यावर चढवल्यात, म्हशींची दावी सोडल्यात, पाणी उतरल्यावर चिखलातनं लग्नाचा अल्बम काढून एकेक फोटो गच्चीवर वाळत घातलाय आणि नवरा-नवरीचे चेहरे उडून गेलेले बघितलेत. त्यांना तुम्ही पापणीतला पूर सांगणार. अतिशयोक्ती तिथं लागूच पडत नाही राव, कारण ऐकणाऱ्याकडचं खरं तुमच्या खोट्यापेक्षा मोठं निघतं. म्हणून हा अलंकार साताऱ्याला जाऊन वापरा. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, उंचावर, तिथल्या श्रोत्याला पूर फक्त कवितेत येतो, त्यामुळं दाद बरी मिळते.

कुसुमाग्रजांच्या 'कणा'त पण पूर आहे, पण त्यांनी सगळा उलटा कारभार केलाय. घर वाहून गेलेला माणूस सरांकडं येतो आणि रडायचं सोडून नदीचं कौतुक सांगतो, गंगामाई पाहुणी आली होती म्हणे, माहेरवाशिणीसारखी चार भिंतींत नाचून गेली, आणि माहेरवाशीण रिकाम्या हातानं जाईल कशी, म्हणून होतं नव्हतं ते घेऊन गेली. भिंत खचली, चूल विझली, हे तो यादी वाचल्यासारखं सांगतो, वर हसतो. सरांचा हात खिशाकडं जातो तर तो पैसेसुद्धा घेत नाही. ह्यात आक्रोश कुठाय? टाहो कुठाय? एवढा मोठा पूर आला आणि माणसाच्या डोळ्यात फक्त थोडं पाणी, तेपण प्रसाद म्हणून. आपल्याला ही काटकसर परवडत नाही. आपल्याला एका कवितेत तीनदा 'आसवे' लागतात, त्यातलं एक निव्वळ यमकासाठी. आसवेला फसवे आहे, रुसवे आहे, फारच अडलं तर कासवे आहे.

घरातलं कुणी खरंच गेलं तर? तर काहीच करायला लागत नाही, सगळं तयार मिळतं. काळाने घाला घातला, क्रूर नियतीने झडप घातली, अनंतात विलीन, पोरके झालो. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये हे टाईप केलेलंच असतं, फोटो आणि नाव बदललं की दुःख प्रिंटला जातं. खाली यशवंतांची 'आई' कवितेतली ती तिन्ही जगाच्या स्वामीची ओळ टाकायची, मग बॅनर भरल्यासारखा दिसतो. हे यशवंत म्हणजे चाफळचे, १८९९ सालचा जन्म, म्हणजे परत आपल्या जिल्ह्यातलेच. ती ओळ सगळ्यांना पाठ आहे, पण कविता सुरू कशी होते ते बघायचं नाही. ती सुरू होते दुसऱ्याच्या पोरानं आपल्या आईला मारलेल्या हाकेनं. हाक त्याची, आई त्याची, आणि कळ ह्याच्या काळजात. माणूस गेल्याचं सांगताना गेलेल्या माणसाचं नावच आधी घ्यायचं नाही, शेजारच्या घरातला आवाज ऐकवायचा, हे असं आडवळणानं येणं आपल्याला जमणार नाही, आपल्याकडं बॅनरला जागा कमी आहे.

पक्षी घ्यायचा झाला तर चातक घ्या. तुम्ही चातक बघितलेला नाही, ऐकणाऱ्यानं बघितलेला नाही, दोघंपण सेफ. कावळा चुकूनसुद्धा नको. ज्ञानोबांनी घेतला होता, 'पैल तो गे काऊ कोकताहे', त्यात विरहिणी कावळ्याला म्हणते तुझे पाय सोन्यानं मढवीन पण पंढरीराऊ घरी कधी येणार ते सांग. आजही घराच्या पन्हाळीवर कावळा ओरडला की आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांना पाहुणा येणार असं वाटतंच. आणि तोच कावळा संगम माहुलीच्या घाटावर पिंडाला शिवत नाही म्हणून घरची माणसं उन्हात हात जोडून ताटकळतात, कोण म्हणतं धाकटीचं लग्न मी करून देतो, कोण म्हणतं वाटणीवरनं भांडणार नाही, आणि काहीतरी नेमकं कबूल केलं की तो झेप घेतो. येणाऱ्याची वर्दी देणारा तोच, गेलेल्याच्या मनातलं सांगणारा पण तोच. प्रेम आणि वियोग दोन्ही एकाच काळ्या पक्ष्यावर बसवून आपल्या माणसांनी ठेवलंय, फुकट, पत्र्यावर, रोज सकाळी. पण त्याला ग्लॅमर नाही ओ. चातकच बरा.

वृत्ताबित्ताचं थोडक्यात सांगतो. गझल लिहायची असेल तर सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' तेवढी वाचायची नाही, वाचली की लिहायला भीती वाटते, मात्रा बघा, काफिया म्हणजे यमक सांभाळा, प्रत्येक शेर स्वतःच्या पायावर उभा पाहिजे. आपण शेवटी 'गेली' धरायचं. सांज ढळून गेली, वाट वळून गेली, रात जळून गेली, ती तर पहिल्या पॅराग्राफलाच गेलेली आहे. एवढंपण होत नसेल तर मुक्तछंद, मोबाईलवर प्रत्येक दोन शब्दांनंतर एंटर मारत जायचं.

मग वाचन. आपल्या भागात सोय चांगली आहे, औदुंबरला संक्रांतीला कृष्णाकाठी दरवर्षी साहित्य संमेलन असतं, अखिल भारतीय संमेलन २००८ ला सांगलीत झालं, २०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात झालं, ह्या भागात कवीला उभं राहायला जागा मिळाली नाही असं कुणी म्हणू शकत नाही. माईक मिळाला की कवितेपेक्षा मोठी प्रस्तावना करायची, 'ही कविता मी लिहिलेली नाही, ती माझ्याकडून लिहून घेतली गेली' हे वाक्य कम्पल्सरी. प्रत्येक ओळ दोनदा म्हणायची. दाद आली नाही तर 'ही ओळ परत एकदा घेतो', आली तर 'आता परत एकदा घेतोच'. नंबर चहाच्या आधीचा मागून घ्या, चहानंतर समोर फक्त पुढचे कवी उरतात आणि ते आपापल्या वह्या बघत असतात.

एक घरचं सांगून थांबतो. वही उघडी टाकू नका. बायको चहाचा कप ठेवता ठेवता दोन पानं चाळणार, बटा, पैंजण, चांदणं, परत बटा, आणि विचारणार, ही कोण? खरं सांगितलंत की कोणच नाही, तर तिला पटणार नाही, कारण कोणच नसलेल्या बाईसाठी माणूस रात्री दोनपर्यंत जागतो हे कुठल्याच शहाण्या माणसाला पटणार नाही. अशा वेळी घाबरून 'अगं, ती फक्त प्रतिमा आहे' असं बोलू नका. आमच्या ओळखीतले एक कवी बोलले, आणि त्यांच्या गल्लीत दोन घरं सोडून प्रतिमावहिनी राहतात.