किलिमांजारोला दोर लागत नाही, दिवस लागतात

सुट्ट्यांचे बेत सुरू झाले की पणजी-म्हापशाच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मजकूर हटकून फिरतो. त्यातली विधानं थोडक्यात अशी: किलिमांजारो म्हणजे नुसतं चालणं, पाच दिवसांचं पॅकेज पुरे, १८८९ मध्ये एका जर्मनाने पहिल्याच झटक्यात ते सर केलं, मग आज काय कठीण, चोर्ला घाट आणि दूधसागर चालणाऱ्याला उंची लागत नाही, म्हणजे विरळ हवेचा त्रास होत नाही, आणि लागलीच तर खिशात कापूर आहेच. बहुतेक वाक्यांत थोडं खरं आहे, म्हणून तर ते खपतं.

‘नुसतं चालणं.’ नेहमीच्या वाटांपुरतं खरं. पण टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यानातला हा डोंगर म्हणजे किबो, मावेंझी आणि शिरा असे तीन ज्वालामुखी. ५,८९५ मीटरचं उहुरू शिखर किबोच्या कड्यावर आहे. शेजारचं मावेंझी ५,१४९ मीटर, म्हणजे साडेसातशे मीटरने बुटकं, तरी त्यावर माणूस पोचला १९१२ मध्ये, उहुरूनंतर २३ वर्षांनी. तिथला खडक ठिसूळ आहे, हात घालावा तर धोंडा हातात येतो. किबोच्याच वेस्टर्न ब्रीच वाटेवर जानेवारी २००६ मध्ये दरड कोसळून तिघे गिर्यारोहक गेले.

‘पाच दिवस पुरे.’ सगळी गडबड इथे आहे. पाच दिवसांची मरांगू वाट मांडून पाहा. गेट सुमारे १,८८० मीटरवर. पहिला मुक्काम मंदारा, २,७२०. दुसरा होरोंबो, ३,७२०. तिसरा किबो हट, ४,७२०. आणि त्याच मध्यरात्री उहुरूकडे कूच, आणखी ११७५ मीटर. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरने वाढवावी आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सर्वमान्य ठोकताळा. इथे रोज त्याच्या दुप्पट चढ आहे आणि थांबा एकही नाही. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो, आणि गोव्याचा माणूस थेट समुद्रसपाटीवरून निघालेला असतो.

पाचऐवजी सहा दिवस घेतले तर होरोंबोला एक जादा रात्र मिळते. माचामे वाट त्याहून शहाणी: दिवसा ४,६०० मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचं आणि झोपायला ३,९०० च्या आसपास बारांकोला उतरायचं. सात-आठ दिवसांची लेमोशो वाट मिळत असेल तर ती घ्यावी. वाचवलेल्या दोन दिवसांचे पैसे शिखराआधीच माघारी फिरण्यात जातात.

‘पहिल्याच झटक्यात.’ हे तर सरळ चूक. लाइपझिगचा हान्स मेयर १८८७ मध्ये किबोच्या बर्फापाशी अडला. १८८८ मध्ये किनारपट्टीवर उठाव झाला, त्याला कैद करण्यात आलं आणि खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. १८८९ मध्ये त्याने ऑस्ट्रियाचा कसलेला गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर सोबत घेतला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुमारे ४,३०० मीटरवर तळ ठोकून खालून शिधा येत राहील अशी सोय केली, म्हणजे चढाई फसली तरी पायथ्याला यायला नको. आणि फसलीच. ३ ऑक्टोबरला बर्फात पायऱ्या खोदत ते विवराच्या कडेला पोचले, पण दिवस आणि ताकद दोन्ही संपल्याने परतले. मग ६ ऑक्टोबरला शिखर. म्हणजे पहिल्या चढाईचं गमकच उंचीवर काढलेले दिवस हे होतं. शिधा वाहणाऱ्या आफ्रिकी माणसांचा उल्लेख या मजकुरात कधीच नसतो, ते वेगळंच.

‘चोर्ला-दूधसागर केलेल्याला उंची लागत नाही.’ दमसास आणि उंचीचा त्रास यांचा संबंध नाही. उलट तगडा माणूस भरभर चालतो आणि आधी पडतो. सोसोगड, गोव्यातला सर्वात उंच डोंगर, हजार मीटरच्या थोडाच वर. त्यावर उंचीचा सराव होत नाही. पायांचा मात्र होतो, विशेषतः उतरण्याचा. शिखराच्या दिवशी उहुरूहून होरोंबोपर्यंत २,१७५ मीटर उतरायचं असतं. बूट पुढून घट्ट असले तर अंगठ्यांची नखं काळी पडतात. उतरण्याआधी बुटाची घोट्याजवळची नाडी आवळून बांधावी. मध्यरात्री निघण्याचं एक कारण घसारा, म्हणजे उतारावरचे सुटे दगड-गोटे. थंडीत तो गोठून घट्ट असतो, ऊन लागलं की दोन पावलं वर, एक खाली. त्याच थंडीत पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून बाटली मोज्यात घालून उलटी ठेवावी. बर्फ वरून धरतो, बूच मोकळं राहतं.

‘कापूर हुंगा.’ कापराने नाकात गार वाटतं, म्हणून श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन तेवढाच राहतो. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, तेव्हा तो आरतीपुरताच ठेवावा. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध खरोखर उपयोगी आहे, सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, घाबरू नये.

डोकेदुखी, मळमळ असेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही. पावलाला पाऊल जोडून सरळ रेषेत दहा पावलं चालता आली नाहीत, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ते मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याचं लक्षण. तेव्हा उजाडायची वाट न पाहता, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी, गाइडला उठवून खाली होरोंबोच्या दिशेने निघायचं.