‘शिकंजा लावा, पॅड दाबा’ : मागच्या चाकाला हे चालत नाही

गावागावांतल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या कारच्या ब्रेकबद्दल एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘मागचे डिस्क ब्रेक पॅड म्हणजे पुढच्यासारखेच. जॅक लावा, चाक काढा, शिकंज्यानं पिस्टन दाबा, नवे पॅड बसवा. पंधरा मिनिटांचं काम. ज्या चाकाचे झिजले तेवढेच बदला. आवाज आला तर ग्रीस लावा.’ घरी काम करायला हरकत नाही, तालुक्याची एक फेरी वाचते. पण हा मेसेज वाचून कोणी काम केलं, तर पॅडच्या पैशात भागणारं काम कॅलिपरपर्यंत, म्हणजे पिस्टन आणि पॅड ज्यात बसतात त्या अख्ख्या भागापर्यंत जाईल.

आधी पिस्टनचं बघू. पुढचा पिस्टन सरळ मागे दाबला जातो, हे खरं. मागच्या बऱ्याच कॅलिपरमध्ये मात्र हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आतच असते, आटे असलेल्या दांड्यावर. असा पिस्टन दाबून जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो. शिकंजा आवळत राहिलात तर आतली यंत्रणा मोडते, हँडब्रेक निकामी होतो आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

ओळखायचं कसं? हँडब्रेकची केबल कॅलिपरवरच्या छोट्या लिव्हरला जोडलेली असेल आणि पिस्टनच्या तोंडावर खाचा असतील, तर तो फिरवायचा. त्यासाठी पिस्टन फिरवायचं टूल मिळतं. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेनं फिरतो, काहींत एका बाजूचा उलटा. हलका दाब देत फिरवा; आत जात नसेल तर जोर करू नका, दिशा तपासा. सोबत पिस्टनभोवतीचा रबरी बूट, म्हणजे धूळ रोखणारं आवरण, पिळला जात नाही ना, तेही बघा. शेवटी खाच अशी ठेवायची की आतल्या पॅडच्या पाठीवरची पिन तिच्यात बसेल. नाही बसली तर पॅड तिरका राहतो आणि तिरकाच झिजतो.

केबल कॅलिपरला न जाता डिस्कच्या मागे जात असेल, तर हँडब्रेकचे वेगळे शू (ड्रम ब्रेकमध्ये असतात तसे) डिस्कच्या पोटात असतात. तिथे पिस्टन सरळ दाबता येतो. म्हणजे मेसेज तेवढ्यापुरता बरोबर. आणि कॅलिपरवर मोटर व वायर दिसली, तर तो इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक. कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीनं सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठी मोटर मागे घेतलेल्या स्थितीत) घातल्याशिवाय त्याला हात लावू नका. अनेक गाड्यांत त्याला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र लागतं.

पिस्टन आत गेला की ब्रेक ऑइल उलटं त्याच्या टाकीत वर येतं. टाकीचं झाकण सैल करा, पातळी वर येत असेल तर सिरिंजनं थोडं काढा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उडतो. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा.

‘पंधरा मिनिटं’ म्हणणाऱ्याला आपली काळी माती ठाऊक नसावी. ओल्या अंगणात जॅक खचतो, म्हणून खाली जाड फळी हवी, आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवलेली हवी. या कामात हँडब्रेक सोडलेलाच असतो, त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावायचेच. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणून निश्चिंत राहू नका: इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत मागची बाजू उचलली की गिअरची पकड गेली.

एकाच चाकाचे पॅड बदलले तर दोन्ही बाजूंची पकड सारखी राहत नाही, गाडी ओढते. सेटमध्ये चार पॅड असतात ते त्यासाठीच. एकच चाक जास्त झिजलं असेल तर कारण शोधा. बहुधा गाइड पिन, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन, अडकलेली असते. पावसाळ्यात पांदण रस्त्याचा चिखल आत बसला आणि बूट फाटलेला असला, की हे व्हायचंच. पिन काढून पुसा. बूट पेट्रोल-डिझेलनं धुऊ नका, रबर फुगतं.

ग्रीसचंही तसंच. ट्रॅक्टरचं ग्रीस इथे नको. ते रबर खराब करतं, आणि उष्णतेनं पातळ होऊन पॅडवर उतरलं तर ब्रेकच लागणार नाही. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पिनांवर पातळ लावा. पॅडचे कान जिथे सरकतात तिथला गंज तारेच्या ब्रशनं काढा, क्लिपा नव्या टाका. निम्मा आवाज तिथेच थांबतो. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला बोटसुद्धा तेलकट लागू नये. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याहून पातळ झाली असेल तर नव्या पॅडनं काही साधत नाही.

मेसेजमध्ये सगळ्यात महत्त्वाचं तर नाहीच: गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले काही दाब पोकळच जातात. त्यानंतर हँडब्रेक दोन-चारदा ओढा, टाकीतली पातळी बघा. मग मोकळ्या रस्त्यावर साधारण ५० च्या वेगावरून मध्यम दाबानं आठ-दहा वेळा गाडी हळू करा, प्रत्येक वेळी मध्ये डिस्क थंड होऊ द्या. पेडल तरीही स्पंजासारखं मऊ लागत असेल, तर गाडी घराबाहेर काढू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.