हॉस्पिटल आडवं पडून बघा

हॉस्पिटलची नवी इमारत झाली की फोटो येतात ते लॉबीचे. दोन मजली उंच छत, चकाचक फरशी, काचेची भिंत, कोपऱ्यात दोन मोठ्या कुंड्या. फोटो काढणारा उभा असतो, फीत कापणारा उभा असतो. नकाशा पास करणारी समिती टेबलाभोवती बसून कागदाकडे वरून बघत असते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो मात्र आडवा असतो. त्याला दिसतं ते छत, आणि छताकडे या सगळ्यांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं.

स्ट्रेचरवरून ऑपरेशन थिएटरकडे गेलेल्या कुणालाही विचारा. एकेक ट्यूबलाईट डोळ्यांवर येते आणि मागे सरकते. एसीच्या जाळीवरची काजळी, फॉल्स सीलिंगच्या एका चौकोनावर ओलीचा पिवळा डाग, लिफ्टमध्ये शिरल्यावर सगळ्यांच्या हनुवट्या आणि नाकपुड्या. चष्मा काढून घेतलेला, अंगात मागून उघडा गाऊन. त्या वेळी लॉबीतला संगमरवर कुणाला आठवतो?

‘पेशंटला बरं वाटेल असं हॉस्पिटल’ म्हटलं की गाडी लगेच रंग, पेंटिंग्ज आणि मंद संगीतावर जाते. तिथेच माझा आक्षेप आहे. आधी पेशंट कुठे असतो, काय बघतो, काय ऐकतो आणि किती वेळ ताटकळतो ते बघा. रंगाचं नंतर बघू.

ही काही आजची अक्कल नाही. फिनलंडमध्ये पायमिओ इथे क्षयरोग्यांसाठी अल्वार आल्टो या वास्तुविशारदाने सॅनेटोरियम बांधलं. ते १९३३ साली सुरू झालं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. उपचार म्हणजे विश्रांती, ऊन आणि मोकळी हवा, त्यामुळे माणसं महिनोन्महिने पडून असत. आल्टोने हिशोब धरला तो या पडलेल्या माणसाचा. खोलीच्या छताला भिंतींपेक्षा गडद, शांत हिरवा रंग दिला. दिवा थेट डोळ्यांत येणार नाही अशा जागी बसवला. छतातून येणारी ऊब डोक्यावर न येता पायांकडे जाईल अशी सोय केली. खोली दोघांची. एकाने हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये, म्हणून बेसिनला असा उतार दिला की पाणी तिरकं पडेल आणि आवाज होणार नाही. दाराची मूठसुद्धा अशी की डॉक्टरांच्या कोटाची बाही तिच्यात अडकू नये.

मला त्या बेसिनचं जास्त कौतुक आहे. ते कुठल्याही उद्घाटनाच्या फोटोत येणार नाही. पण शेजारच्या खाटेवरच्या खोकून खोकून दमलेल्या माणसाला नुकती झोप लागली असेल, हे ते आखताना कुणाच्या तरी डोक्यात होतं.

यासाठी पैसा ओतावा लागतो असंही नाही. रवांडातल्या बुटारो इथलं जिल्हा हॉस्पिटल २०११ साली उघडलं. भिंतींना तिथलाच ज्वालामुखीचा दगड, तोही तिथल्याच गवंड्यांनी घडवलेला. वॉर्डात खाटा खिडकीखाली न लावता मधोमध एक बुटकी भिंत घातली आणि खाटांची उशाकडची बाजू तिला टेकवली. त्यामुळे प्रत्येक पेशंटचं तोंड खिडकीकडे, बाहेरच्या डोंगरांकडे. नेहमीच्या वॉर्डात काय असतं? खिडकी डोक्याच्या मागे आणि समोर दुसरा पेशंट, त्याची नळी, त्याची वेदना, कधी त्याचं जाणं. खाटा तेवढ्याच, जागा तेवढीच, फक्त फिरवल्या. शिवाय तिथे बंदिस्त कॉरिडॉर जवळजवळ टाळलेत, कारण क्षयाचा संसर्ग अशाच कोंदट जागेत पसरतो. म्हणजे वाऱ्याची झुळूक हा तिथे उपचाराचाच भाग आहे.

खिडकीवरून रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाचा अभ्यास आठवणं साहजिक आहे. १९८४ साली तो प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हानियातल्या एका हॉस्पिटलात १९७२ ते १९८१ दरम्यान पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी त्याने जोड्या लावून तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली आणि सिस्टरांच्या नोंदींत त्यांच्या तक्रारी कमी निघाल्या. हा अभ्यास आता हॉस्पिटलच्या प्रत्येक सादरीकरणात पहिल्या स्लाईडवर असतो. माणसं ४६, हॉस्पिटल एक, हे मात्र कुणी सांगत नाही. झाडं लावली की ऑपरेशन यशस्वी, असा त्याचा अर्थ लावू नये. पण खिडकी कुठे काढायची याचा निर्णय तसाही घ्यावाच लागतो, तर तो पेशंटच्या बाजूने का घेऊ नये?

आता आवाज. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच सांगून ठेवलंय की वॉर्डात रात्री ३० डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली जगभरची प्रसिद्ध मोजमापं एकत्र केली, तेव्हा १९६० पासून हॉस्पिटलातला दिवसाचा आवाज साधारण ५७ वरून ७२ डेसिबलवर आणि रात्रीचा ४२ वरून ६० वर गेल्याचं दिसलं. डेसिबलमध्ये दर दहामागे ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणजे ही वाढ किरकोळ नव्हे. कारणं साधी आहेत. धुवायला सोपे म्हणून सगळे पृष्ठभाग गुळगुळीत आणि टणक, त्यावरून आवाज आपटून परत येतो. त्यात ट्रॉलीची करकरणारी चाकं, मॉनिटरचे अलार्म (त्यातल्या बहुतेकांसाठी कुणी काहीच करायचं नसतं), धाडकन लागणारी दारं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ सालीच अनावश्यक आवाजाला निर्दयपणा म्हटलंय. पण त्यांची नजर त्याहून पुढे गेली होती. खोलीच्या दाराबाहेर कुजबुजत बोलण्यावर त्या जास्त चिडायच्या, कारण पेशंट कान ताणून ताणून ते ऐकायचा प्रयत्न करत राहतो. किती खरंय हे! राऊंड संपल्यावर दारात जी दोन मिनिटांची कुजबुज होते, तिने रात्रभर झोप लागत नाही.

बाबा आयसीयूत होते तेव्हा रात्री दोन वाजता ते आम्हाला दुपारच्या चहाचं विचारत होते. खिडकी नाही, दिवे चोवीस तास सारखेच, घड्याळ डोक्यामागच्या भिंतीवर. ते त्यांना दिसायची शक्यताच नव्हती. चष्मा आणि कानाचं मशीन ‘हरवायला नको’ म्हणून पिशवीत बंद. आयसीयूत वयस्कर माणसांना असा भ्रम होणं नेहमीचं आहे, आणि तो टाळायला काय करायचं हेही ठरलेलं आहे: दिवसा उजेड, रात्री अंधार, समोर दिसेल असं घड्याळ, चष्मा डोळ्यांवर, मशीन कानात. एका सिस्टरने स्वतःहून चष्मा काढून दिला आणि बाबांनी तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली, बिल्ल्यावरचं वाचून.

वेटिंग एरियाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतेच. छिद्रांची लोखंडी बाकं, रांगेने, सगळी काउंटरकडे तोंड करून. कडेला हात असतो फक्त टोकाच्या सीटला, म्हणजे गुडघ्यांनी हैराण झालेल्या माणसाने मधल्या सीटवरून उठायचं कशाच्या आधाराने? वाईट बातमी सांगतात तीही याच माणसांच्या गर्दीतून बाहेर यावं लागेल अशा खोलीत. मॅगी केझविक जेंक्स या स्कॉटिश लेखिकेला १९९३ साली कॅन्सर उलटल्याचं आणि हाती काही महिनेच असल्याचं सांगितलं गेलं, आणि पुढचे पेशंट थांबलेत म्हणून त्यांना लगेच बाहेर कॉरिडॉरमध्ये बसवलं. १९९५ साली त्या गेल्या. पण त्याआधी आजारातच त्यांनी वेगळ्या जागेचं चित्र मांडून ठेवलं होतं, आणि १९९६ साली एडिनबरात हॉस्पिटलच्या आवारातल्या एका जुन्या तबेल्यात कॅन्सरच्या पेशंटना आधार देणारं पहिलं ‘मॅगीज सेंटर’ उघडलं. आत शिरल्यावर रिसेप्शनचा काउंटर नाही, मधोमध स्वयंपाकघराचं मोठं टेबल. पुढे अशी बरीच केंद्रं नामांकित वास्तुविशारदांनी बांधली. त्यांना दिलेल्या सूचनांत एक अशी की टॉयलेट दाराखाली फटी असलेली, रांगेतली नकोत, आत जाऊन रडता येईल इतकी खाजगी हवीत. हॉस्पिटलची इतकी ड्रॉइंग्ज निघतात, रडायची जागा किती जणांनी दाखवली असेल?

टॉयलेटवरूनच घाईत सांगते: दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. पांढऱ्या टाइल्सवर पांढरं कमोड नजर अधू झालेल्याला दिसत नाही. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला चकचकीत फरशी ओली वाटते आणि काळं पायपुसणं खड्डा वाटतो, मग तो पाऊलच उचलत नाही आणि आपण म्हणतो, हट्टी आहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: स्वच्छता आणि खर्च. स्वच्छतेचा मुद्दा खराच आहे. गालिचा आणि कापडी सोफा मीही मागत नाही. पण आवाज शोषणारं, पुसता येणारं सीलिंग मिळतं. चाकाला रबर लावल्याने जंतू वाढत नाहीत. खर्चाचं म्हणाल तर लॉबीतल्या झुंबराचं बिल आधी दाखवा.

फुकटातलं एक उदाहरण देते. डॉक्टर बसून बोलले की ते जास्त वेळ थांबले असं पेशंटला वाटतं. २०२३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही खोल्यांत खुर्ची खाटेजवळ, पेशंटकडे तोंड करून ठेवली, बाकी खोल्यांत नेहमीच्या जागी राहू दिली. खाटेजवळ होती तिथे डॉक्टर ६३ टक्के वेळा बसले, नेहमीच्या जागी होती तिथे ८ टक्के. कुणाला शिकवलं नाही, कुणाला सांगितलं नाही. आपल्या खोल्यांत ती खुर्ची असतेच, पण तिच्यावर नातेवाइकांची बॅग, शाल आणि एक्स-रेची मोठी पिशवी असते, कारण ते ठेवायला दुसरी जागाच नसते. तेव्हा ड्रॉइंग अजून फायनल झालं नसेल, तर खाटेशेजारच्या भिंतीवर दोन मजबूत हूक आत्ताच दाखवून टाका.